तालुक्यातील फ्लाय फिशिंग मंडळात सामील होण्यापूर्वी काय पाहावे?

झाडीपट्टीतील शिक्षक (प्रश्न)
नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या भागात गळ टाकणारे घरोघरी सापडतील, परंतु तालुक्याच्या गावी काही हौशी मंडळींनी फ्लाय फिशिंगचे लहानसे मंडळ सुरू केले आहे. ही मंडळी रविवारी एका जुन्या मालगुजारी (पूर्वीच्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावावर जमतात, पिसांच्या कृत्रिम माशीने मासा धरतात आणि बहुधा पुन्हा पाण्यात सोडून देतात. मलाही बोलावणे आले आहे. माझ्याजवळ साहित्य नाही आणि ही विद्याही अवगत नाही. खरा संकोच निराळाच आहे. ज्या पाण्यावर ढीवर (मासेमार) बांधवांची चूल पेटते, त्याच पाण्यावर आपण हौसेखातर उभे राहणे योग्य दिसेल काय? सदस्य होण्यापूर्वी मंडळाला कोणते प्रश्न विचारावेत?

पाळीवरचा गळकरी
सर, साहित्याची घाई मुळीच करू नका. चांगल्या मंडळात नवख्याला पहिले काही महिने रॉड उसना मिळतो. जेथे पहिल्याच दिवशी खरेदीची यादी हाती पडते, तेथे शिकवण्यापेक्षा विकण्याची हौस अधिक आहे असे खुशाल समजावे. पुढे घ्यायचाच झाला, तर मरळीसाठी नऊ फुटी, आठ वजनाचा (म्हणजे आठ क्रमांकाची जाड लाइन पेलणारा) रॉड योग्य ठरतो, कारण ही मासळी कमळाच्या देठांत आणि गाळाच्या झुडपांत घुसते व हलक्या रॉडने तिला बाहेर ओढता येत नाही. रोहू आणि कटला यांच्या मागे लागून मात्र निराश होऊ नका, कारण ते माशीकडे क्वचितच वळतात. मरळ बेडकावर तुटून पडते, म्हणून आम्ही फोमचा तरंगता बेडूक वापरतो आणि झुडपात अडकू नये म्हणून त्याच्या गळापुढे जाड नायलॉनचा अडसर बांधतो.

फेक शिकावी ती कोरड्या जमिनीवर. साध्या गळात शिशाचे वजन दोरा ओढून नेते. येथे माशीला वजन जवळपास नसतेच, जाड लाइनचेच वजन तिला पुढे नेते. म्हणून रॉड मागे नेल्यावर लाइन पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबावे लागते, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतावीळ होतो. धान निघाल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत किंवा शाळेच्या मैदानावर लीडरच्या (लाइनच्या पुढे जोडलेल्या बारीक दोऱ्याच्या) टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करा. (मुले जमतीलच, त्यांना मागे उभे राहू देऊ नका.) तलावावर गेल्यावर पाठीमागे काय आहे ते आधी पाहावे. आमच्या पाळीला (तलावाच्या बांधाला) बेशरमाच्या झुडपांचे रान माजले आहे आणि पहिल्या दिवशी बहुतेकांची माशी पाण्यात पडण्याऐवजी बेशरमातच जाते.

मंडळात पिसांच्या माश्या बांधण्याची बैठक होते का, हेही विचारा. गावठी कोंबड्याच्या मानेवरची पिसे, शिंप्याकडचा दोरा आणि बाजारात मिळणारे गळ एवढ्यावर भागते. मैत्रीही तलावापेक्षा तेथेच अधिक जुळते, कारण तलावावर जो तो आपापल्या पाण्याकडे पाहत असतो.

ढीवर संस्थेचा सचिव
गुरुजी, तुमचा संकोच रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हे तलाव कोहळी समाजाने व जुन्या मालगुजारांनी बांधले. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपुष्टात आली आणि तलाव शासनाकडे गेले. आज पाण्यावर मालकी कोणाचीही असो, मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी ठेक्याने ढीवरांच्या सहकारी संस्थेकडे असतो. ठेक्याची रक्कम आम्ही भरतो, पावसाळ्यात बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) आम्ही सोडतो आणि रात्री राखणही आम्हीच करतो. म्हणून मंडळाला पहिला प्रश्न हाच विचारा की, संस्थेची लेखी संमती आहे काय. ग्रामपंचायतीचे पत्र दाखवून कोणी ‘परवानगी आहे’ म्हणाले, तर तेवढ्यावर थांबू नका.

पूर्वी शहरातून आलेल्या एका गटाने आमच्या तलावावर मरळीच्या पिल्लांच्या थव्यावर गळ टाकले होते. पावसाळ्यात मरळीची तांबडी पिल्ले पाण्याच्या वर गोळा होऊन फिरतात आणि नर-मादी खाली राखण करीत असतात. त्या वेळी समोर पडेल त्या वस्तूवर ती दोघे झडप घालतात, त्यामुळे त्यांना धरणे अगदी सोपे असते. राखणदार मासा उचलला की सगळा थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तुमचे मंडळ अशा थव्यापासून दूर राहत असेल, तर आमच्या लोकांना तुमची अडचण वाटणार नाही.

नागपूरकर सदस्या
सचिव भाऊंच्या लिहिण्याला एक पुस्ती जोडते. आपल्या तालुक्यातच नवेगाव राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला आहे. राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात गळ टाकणे हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, मग मासा सोडून दिला तरीही. म्हणून मंडळाचा तलाव नेमका कोणत्या हद्दीत येतो, ते आधी वनविभागाकडून समजून घ्यावे.

मासा सोडण्याचीही एक रीत आहे. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवावा, मासा हाती घेण्यापूर्वी हात ओले करावेत, नाहीतर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून रोग शिरतो, आणि छायाचित्रासाठी त्याला ताटकळत ठेवू नये. मरळ हवेतला श्वास घेत असल्याने थोडा वेळ तग धरते, पण इतर मासे धरत नाहीत. मे महिन्यात पाणी तापून आटते, तेव्हा आम्ही भर दुपारी जाणेच बंद करतो.

झाडीपट्टीतील शिक्षक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मंडळाला विचारले असता संमती ‘तोंडी आहे’ असे उत्तर मिळाले. ती लेखी करून घेतल्यावरच सदस्य होईन, असे मी कळवले आहे. सचिव महोदय, संस्थेच्या बाजूने आणखी काही अटी असाव्यात काय?

ढीवर संस्थेचा सचिव
दोन अटी अवश्य घाला. येण्याच्या आदल्या दिवशी संस्थेला कळवा, कारण आमची जाळी रात्रभर पाण्यात लागलेली असतात आणि तुमचा गळ त्यांत अडकला की जाळे फाटते. दुसरे म्हणजे, हाताळताना एखादा मासा दगावलाच, तर तो पाण्यात फेकून देऊ नका. तुडुमाजवळ (तलावाचे पाणी सोडण्याच्या दाराजवळ) आमचा राखणदार बसलेला असतो, त्याच्या हवाली करा. त्याची नोंद आमच्या वहीत होईल.