जुना पार्ट मागून घेण्याबद्दल

कुणीतरी लिहिलंय की गाडी दुरुस्तीला दिली की बदललेला जुना पार्ट परत मागायचा म्हणजे फसवणूक होत नाही. बरोबर आहे, पण अर्धंच. पार्ट हातात येतो तोवर नवा बसलेला असतो आणि बिलही झालेलं असतं, मग जुना घेऊन काय भंगारात घालायचा? आधीच बघायला पाहिजे की तो खरंच संपलाय का. माझ्या गाडीला ब्रेक मारला की स्टेअरिंग थरथरायचं, सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकत्या) गेल्या, पॅडसकट (डिस्कला दाबून धरणारे तुकडे) बदला. मी म्हटलं थांबा जरा, गाडी तशीच हळूहळू उद्यमनगरात नेली एका ओळखीच्या लेथवाल्याकडं (लेथ म्हणजे धातू फिरवून कापायचं यंत्र).

त्यानं चाक काढून दाखवलं, डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते भावा, माझ्या डिस्कवर २० मिमी होती आणि मापात भरली २१.३! म्हणजे डिस्क वाकडी झालेली, संपलेली नव्हे. लेथवर हलका कट मारून डिस्क सरळ करून दिली, तरी २० च्या वरच राहिली, थरथर गेली. पॅड मात्र खरंच संपले होते, ते बदलले. (त्यात चालढकल नको, आपला घाट उतरायचा असतो.)

आणि घरी व्हर्नियरनं (जबड्यांत धरून जाडी मोजायचं साधन) मोजणार असाल तर डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ असतो, त्यावर जबडे टेकले की माप जास्त दाखवतं. काठाच्या आत दोन्ही बाजूला एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.