एआयच्या मदतीनं लिखाणाचं जोडकाम करायचंय, सुरुवात कुठून करू?

निळी_शाई
नमस्कार मंडळी. पूर्णवेळ नोकरी आहे, ती सोडायची नाही. रात्री सगळं आवरल्यावर तास-दीड तास मोकळा मिळतो, सुट्टीच्या दिवशी थोडा जास्त. लिहिण्याचा हात बरा आहे. ऑफिसातले अहवाल, पत्रं, माहितीपत्रकं शेवटचा हात फिरवायला माझ्याच टेबलावर येतात. एआयची साधनं आता हाताशी आहेत, तर त्यांच्या मदतीनं लिखाणाचं काही काम घेऊन वरचे चार पैसे मिळवावेत असं मनात आहे.

अटी आधीच सांगते. महिन्याला २० डॉलरच्या वर खर्च करणार नाही, म्हणजे एकच सबस्क्रिप्शन, आणि त्याशिवाय भागत असेल तर तेही नको. कॅमेऱ्यासमोर यायचं नाही. ढीगभर कमाईची घाई नाही, पण तीन-चार महिन्यांत पहिले पैसे दिसायला हवेत. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कीबोर्डवीर
एका सबस्क्रिप्शननं भागत नाही, हे आधीच सांगतो. मी चॅटजीपीटी आणि क्लॉड दोन्हीचे पैसे भरतो, इंग्रजीसाठी ग्रामरली, मांडणीसाठी कॅनव्हा. एकाकडून मसुदा काढायचा, दुसऱ्याला त्याच्या चुका काढायला लावायच्या, मग काम झळाळून निघतं. शिवाय मोठा मॉनिटर घ्याच. डावीकडे मूळ माहिती, उजवीकडे मसुदा. माझा २७ इंची आहे, आता लॅपटॉपच्या पडद्यावर काम करवतच नाही.

निळी_शाई
धन्यवाद, पण खर्चाची मर्यादा वर लिहिली आहे.

कीबोर्डवीर
वाचली. धंद्यात आधी घालावं लागतं, मगच निघतं.

रात्रपाळी
एकच सांगतो, ब्लॉगच्या वाटेला जाऊ नका. मी वस्तूंच्या परीक्षणांची साइट काढली होती. एआयकडून रोज भराभर लेख काढायचो, जाहिराती लावल्या होत्या. सुरुवातीला वाचक आले, पैसेही दिसले. मग एकानं खाली विचारलं, या मिक्सरचं भांडं घट्ट बसतं का, की हातानं धरावं लागतं? मी तो मिक्सर पाहिलाही नव्हता. असे प्रश्न वाढत गेले, उत्तरं नाहीत म्हटल्यावर माणसं यायची थांबली. डोमेनचे पैसे दर वर्षी जातच होते. अख्ख्या उद्योगानं फार मनस्ताप दिला.

शंकेखोर
ब्लॉगचा विचार करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. गूगलचं म्हणणं २०२३ पासून असं आहे की मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, याला महत्त्व नाही, तो उपयोगाचा आहे का ते पाहिलं जातं. पण मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्पॅमच्या नियमांत भर घातली. केवळ शोधात वर यावं म्हणून ढिगानं पाडलेली पानं, मग ती कशीही तयार केलेली असोत, त्यात बसतात. तेव्हा रोज दहा लेख टाका म्हणून सांगणाऱ्यांचं ऐकू नका.

पानोपानी
माझा अनुभव चांगला आहे. मी अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करायच्या सेवेवर, छोटी ई-पुस्तकं टाकते, नवशिक्यांसाठी विणकाम वगैरे. एकदा चढवलं की झोपेतही विक्री होते. नियम मात्र नीट पाळा. मजकूर एआयनं तयार केला असेल तर पुस्तक चढवताना तसं कळवावं लागतं. तुम्ही लिहून एआयकडून फक्त सुधारून घेतलं असेल तर कळवायची सक्ती नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दिवसाला तीनच नवी पुस्तकं टाकायची मर्यादा घातली होती. ई-पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरमध्ये असेल तर ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय मिळू शकतो, नाहीतर ३५ टक्के. विणकामाचं पुस्तक माझं सगळ्यात जास्त चालतं, कारण त्यातला प्रत्येक टाका मी स्वतः घालून पाहिलेला आहे.

रात्रपाळी
दिवसाला तीन? तीन पुस्तकं दिवसाला लिहितं तरी कोण?

शंकेखोर
त्यासाठीच तर मर्यादा घालावी लागली. क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला फेब्रुवारी २०२३ मध्ये एआयनं लिहिलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की त्यांनी काही काळ कथा घेणंच बंद केलं. जिथे दार सताड उघडं असतं तिथे अशीच गर्दी होते. नव्या माणसानं तिथे उभं राहून तीन-चार महिन्यांत पैसे दिसणं कठीण.

तपासनीस
ताई, तुमच्या पहिल्याच परिच्छेदात उत्तर आहे. शेवटचा हात फिरवायला कागद तुमच्याकडे येतात ना? तेच काम विका.

लिहून देण्याचे दर पडलेत. गिऱ्हाईक म्हणतं, हे तर मीच एआयकडून काढून घेईन. आणि काढतंही. मग छापायला जायच्या आदल्या दिवशी तोच मजकूर तपासायला माझ्याकडे येतो. परवा पिशव्या करणाऱ्या एकांचा आला. त्यांनी एआयला दिलेलं टिपण एवढंच होतं: जाड कापड, आतून अस्तर, दोन कप्पे, लॅपटॉप मावतो. मजकुरात पिशवी जलरोधक झाली होती, कप्प्यांना चेन लागली होती, कापड पर्यावरणपूरक झालं होतं. यातलं एकही टिपणात नाही. भाषा इतकी गुळगुळीत की त्यांच्याकडच्या दोघांनी वाचूनही कुणाला काही खटकलं नाही. पावसात लॅपटॉप भिजला असता म्हणजे गिऱ्हाईक कुणाच्या दारात आलं असतं? मी मूळ टिपण आणि मसुदा शेजारी ठेवतो आणि प्रत्येक विशेषणावर बोट ठेवून विचारतो, हे आलं कुठून? टिपणात नसेल तर एक तर मालकाला विचारायचं, नाहीतर खोडायचं. या कामाला एआय लागत नाही, लागलंच तर फुकटचं पुरतं.

मोठमोठ्यांचंही हेच होतं. सीनेट या तंत्रज्ञानाच्या साइटनं जानेवारी २०२३ मध्ये एआयच्या मदतीनं लिहिलेले आपले ७७ लेख पुन्हा तपासले, तर ४१ लेखांत दुरुस्त्या निघाल्या. ते लेख संपादकांच्या हाताखालून गेलेले होते.

दर शब्दावर लावू नका, कामावर लावा. चुकीचं वाक्य शोधायला अर्धा तास लागतो आणि खोडल्यावर शब्द कमीच होतात. एक पान नमुना म्हणून तपासून द्या, बाकीचं ठरवून, अर्धे पैसे आधी. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, हे लेखी घ्या.

मधलीसुट्टी
+१. मीही हेच सांगायला आले होते. लिहिण्यापेक्षा तपासण्यात पैसे आहेत. आणि मॉनिटरबद्दल कीबोर्डवीर यांना अनुमोदन, माझी मानदुखी त्यानंच थांबली.

कीबोर्डवीर
बघा! मॉनिटरला स्टँड मात्र वेगळा घ्या, सोबत येतो तो डुगडुगतो.

घासूनपुसून
एक धोका कुणी सांगितला नाही. माझ्या एका गिऱ्हाइकानं मी अथपासून इतिपर्यंत स्वतः लिहिलेला लेख एआय ओळखणाऱ्या साधनात टाकला. त्यानं 'बहुतांश एआय' असं दाखवलं आणि पैसे अडकले. कितीही समजावलं तरी उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी लेखाच्या सगळ्या आवृत्त्या जपून ठेवते. गूगल डॉक्समध्ये बदलांचा इतिहास आपोआप राहतो, तो दाखवता येतो.

शंकेखोर
ही साधनं भरवशाची नाहीतच. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयनं स्वतःचं असं साधन जुलै २०२३ मध्ये बंद केलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांचे निबंध ही साधनं सर्रास एआयचे ठरवतात. तेव्हा काम घेतानाच विचारा, असं साधन वापरणार का? हो म्हणाले तर वाद कसा मिटवायचा ते आधी ठरवा.

कीबोर्डवीर
त्यापेक्षा एआय वापरता हे सांगूच नका. सुतार कोणता रंधा वापरतो हे कुणी विचारतं का? गिऱ्हाइकाला खुर्ची हवी असते.

घासूनपुसून
अजिबात पटत नाही. गिऱ्हाइकाला नंतर कळलं तर पुढचं काम गेलं, आणि त्याच्या ओळखीतली कामंही गेली.

शंकेखोर
शिवाय हक्काचा प्रश्न आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानं मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की माणसाचं कर्तृत्व नसलेल्या, निव्वळ यंत्रानं केलेल्या भागाला कॉपीराइट मिळत नाही. तुम्ही मजकुराचे हक्क गिऱ्हाइकाला विकताय आणि हक्कच नसतील, तर ही फसवणूक झाली. सांगायलाच हवं.

कीबोर्डवीर
माझ्या एकाही गिऱ्हाइकानं आजवर हक्कांचं विचारलेलं नाही.

शंकेखोर
विचारत नाहीत कारण ते तुमच्यावर विश्वास ठेवतात. म्हणून तर सांगायचं.

तपासनीस
हा वाद वेगळ्या धाग्यावर घ्या हो, मूळ प्रश्न बाजूला राहतोय. माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ असते: 'मसुद्यासाठी एआयची मदत घेतली जाऊ शकते, तथ्यांची जबाबदारी माझी.' ही ओळ वाचून आजवर कुणी मागे फिरलेलं नाही.

सावधपाऊल
नवीन आहात म्हणून कळकळीनं सांगते. 'घरबसल्या एआय टायपिंग, नोंदणी शुल्क भरा' अशा जाहिरातींना भुलू नका. माझ्या बहिणीनं भरलं. काम आलं, तिनं केलं, मग 'अचूकता कमी आहे' म्हणून दंड मागायला लागले आणि वकिलाच्या नावानं धमक्यांचे मेसेज सुरू झाले. बिचारी कित्येक रात्री झोपली नाही. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. महागडे कोर्स आणि 'हजार प्रॉम्प्टचा (एआयला द्यायच्या सूचनांचा) संच' यांच्याही नादी लागू नका.

पानोपानी
सगळे कोर्स वाईट नसतात. मी घेतलेला चांगला होता, मुखपृष्ठ करायला त्यातूनच शिकले.

मधलीसुट्टी
कामं मिळवायला फायव्हर ही सुटी कामं देणाऱ्या-घेणाऱ्यांची साइट आहेच. २० टक्के त्यांचे जातात, पण गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. ओळखीतून मिळालं तर उत्तम. आणि हो, लिहिण्यापेक्षा तपासण्याचंच काम घ्या.

शंकेखोर
आणखी एक. ऑफिसचे कागद एआयमध्ये टाकून सराव करू नका. सॅमसंगमध्ये कर्मचाऱ्यांनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्यावर २०२३ मध्ये कंपनीनं अशा साधनांवर बंदीच घातली होती. आणि नोकरीच्या करारात जोडकामाला मनाई आहे का, ते पहिलं काम घेण्याआधी वाचा.

निळी_शाई
सगळ्यांचे मनापासून आभार. करार काढून वाचला. लेखी कळवून परवानगी घ्यायची अट आहे, तसा अर्ज आजच दिला.

आता निर्णय. तपासण्याच्या कामाचा सल्ला सर्वांत सुज्ञ आहे हे कळतं. पण दिवसभर मी तेच करते, रात्री पुन्हा दुसऱ्यांचा मजकूर खोडत बसायचं माझ्यानं होणार नाही. मी वेगळंच ठरवलंय. वयस्कर माणसांच्या आठवणी ऐकून घ्यायच्या, ध्वनिमुद्रण करायचं, त्याचा मजकूर करून घरच्यांसाठी छोटी पुस्तिका करून द्यायची. ओळखीच्या एका बाईंना त्यांच्या वडिलांसाठी असं हवं आहे. पैसे देऊन करून घ्यायची त्यांची तयारी आहे, अर्धे आगाऊ मिळतील. एआयचं काम बोलणं उतरवणं आणि प्रसंग कालक्रमानं लावणं एवढंच. लिहिणार मी.

रात्रपाळी
काम सुरेख आहे, पण हिशेब करा. तासभराचं बोलणं उतरवून, तपासून, लिहून काढायला किती रात्री जातील?

मधलीसुट्टी
आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही. तपासणीत दर महिन्याला काम असतं. अजून विचार करा.

पानोपानी
छापील पुस्तिकेत हात घालू नका, ई-पुस्तकच करा. छपाई आली की कटकट आली.

निळी_शाई
त्यांच्या वडिलांना मोबाइलवर वाचता येत नाही, हातात धरायला पुस्तिकाच हवी आहे. वेळ जाईल हे मान्य. दर ठरवताना पूर्ण पुस्तिकेचा ठरवला आहे, तासांचा अंदाज भरपूर धरून. या कामासाठी रात्री जागायला मी आनंदानं तयार आहे.

घासूनपुसून
मग उतरवण्यासाठी व्हिस्पर बघा. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये ते खुलं केलं, स्वतःच्या संगणकावर फुकट चालतं, म्हणजे घरगुती गोष्टी बाहेरच्या सर्व्हरवर जात नाहीत. त्याचं मोठं मॉडेल, म्हणजे मोठी आवृत्ती, साध्या लॅपटॉपवर फार रेंगाळतं, रात्री लावून ठेवा. आणि एक जपा. माणूस बोलता बोलता थांबला की त्या शांततेत ते कधी कधी स्वतःच वाक्य घालतं. वयस्कर माणसं पुष्कळदा थांबतात. तेवढ्या जागा कानानं ऐकूनच तपासा.

कीबोर्डवीर
कॉलरला लावायचा माइक घ्या. फोन टेबलावर ठेवला की पंख्याचाच आवाज येतो. मी वायरलेस घेतलाय, अप्रतिम आहे.

निळी_शाई
पंखा बंद करू, फोन जवळ ठेवू. माइक पहिल्या पुस्तिकेच्या पैशांतून.

तपासनीस
माझा सल्ला मोडलात, तरी एक काम करा. पहिल्या बैठकीआधी घरच्यांकडून सगळ्या नातेवाइकांची, गावांची, शाळांची नावं हातानं लिहून घ्या. यंत्र नेमकं नावांतच घसरतं, आणि घरच्यांना सगळ्यात आधी तीच चूक दिसते. ज्या जिवंत माणसांबद्दल कडू बोललं गेलंय तो मजकूर वेगळ्या रंगात ठेवून मुलीला दाखवा, छापायचं की नाही हे वडील आणि ती ठरवतील. छपाईआधी प्रत्येक पानावर तिची सही घ्या.

निळी_शाई
नावांची यादी आजच मागवते. सहीचं सुचलंच नव्हतं, करारात घालते.