मुक्काम : थांबणं की उभं राहणं?

'मुक्काम' हा शब्द 'मुक्त'वरून आला असावा, असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. तो अरबी 'मकाम/मुकाम', फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. मूळ धातूचा अर्थ उभं राहणं, म्हणून मकाम म्हणजे उभं राहायची जागा. 'कायम' हाही त्याच धातूचा, म्हणजे 'कायमचा मुक्काम' म्हणताना आपण एकाच घरातले दोन भाऊ शेजारी बसवतो!

आमच्या सोलापुरात तर याला तीन भाषांचं पाणी लागलंय. कन्नड बोलणारे 'मोक्कां' म्हणतात, तेलुगू बोलणारे 'मकां'. मराठीतही कन्नडसारखा 'क'ला जोड मिळाला आणि अर्थही पसरले. पत्त्यावरचं 'मु. पो.', म्हणजे 'मुक्काम पोस्ट' घ्या, तिथे प्रवासाचा संबंधच उरला नाही, नुसतं राहण्याचं गाव. उलट मुक्कामी एसटी म्हणजे रात्री गावातच थांबून पहाटे परत निघणारी गाडी. आणि आषाढीला आमच्या जिल्ह्यात नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे माउलींच्या पालखीचे मुक्काम लागतात, तेव्हा तोच शब्द अंतर मोजायलाही चालतो. 'वाखरी किती लांब?' विचारलं की 'अजून दोन मुक्काम' असं उत्तर येतं, किलोमीटर कुणी सांगत नाही.