मदत हवी आहे: आईला मुंबईचे रात्रीचे दिवे कुठून दाखवू?

नमस्कार मंडळी, मी फोंड्याचा. आई लग्नाआधी गिरगावात वाढली. परवा बेतीच्या धक्क्यावर फेरीची वाट बघत होतो. समोर पणजीचे दिवे, मांडवीत कसिनोच्या बोटींचे लाल-निळे पट्टे हलत होते, वर अटल सेतू. आई बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे रे, पण आमच्या चौपाटीचा हार वेगळाच." तेव्हाच कोंकणकन्येची तिकिटं काढायचं ठरवलं.

मरीन ड्राइव्ह साधारण साडेतीन किलोमीटर, पण तो दिव्यांचा हार उंचावरूनच नीट दिसतो. कमला नेहरू पार्कमधून दिसतो हे ठाऊक आहे. पण दिवे लागल्यावर तिथे किती वेळ थांबू देतात? आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या कमी असलेली वाट कुठली? नाहीतर सरळ नरिमन पॉइंटच्या कठड्यावर बसवून मलबार हिलकडे तोंड करून बघावं का?

दुसरं, फोटो. बेतीहून मोबाइलवर काढलेल्या फोटोत बोटींचे दिवे पांढरे डाग होऊन आले, पाण्यातली प्रतिबिंबं पुसली गेली. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटं, आकाश गडद निळं असताना काढावेत असं वाचलंय. स्टँड न्यावाच लागेल, की फोन कठड्यावर टेकवून भागेल?

आणि मरीन ड्राइव्हचे सोडियमचे पिवळे दिवे 2015 पासून बदलायला लागले ना? आईला तो पिवळाच आठवतो. आता रंग कसा दिसतो ते कुणी सांगा, म्हणजे तिला आधीच सांगून ठेवतो.