बारावीनंतर अलाइड हेल्थ: पहिली पसंती की उरलेली जागा?

क्ष-किरण (धागाकर्ता)

मेडिकलला नंबर लागला नाही की फॉर्मवरच्या उरलेल्या रकान्यांत अलाइड हेल्थचे, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून आरोग्यसेवेतल्या इतर कामांचे कोर्स, फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, लॅब, ऑप्टोमेट्री (नजर तपासणं) असं सुचेल तसं भरून टाकायचं, हे थांबायला हवं. मी रेडिओग्राफर आहे, विद्यार्थ्यांना शिकवतोही. पहिल्या वर्षाला येणाऱ्या बऱ्याच मुलांना आपण उद्या दिवसभर नेमकं काय करणार आहोत, याची कल्पनाच नसते. नाव एक असलं तरी आतली कामं इतकी वेगळी आहेत की एकीकडे रमणारा माणूस दुसरीकडे कोमेजून जाईल.

सगळ्यात मोठा फरक पेशंटबरोबरच्या वेळेचा. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्याकडे, अर्धांगवायू झालेला माणूस महिनोन् महिने येतो. शर्टाचं बटण लावता यावं म्हणून तीच हालचाल रोज करून घ्यायची. प्रगती इतकी सावकाश होते की त्याची त्याला दिसत नाही, तुम्ही दाखवून द्यावी लागते. माझ्याकडे माणूस जेमतेम दहा मिनिटं असतो. तेवढ्यात त्याला धीर द्यायचा, मोडलेला हात फार न दुखवता हव्या त्या कोनात आणायचा आणि कमीत कमी किरणांत डॉक्टरांना उपयोगी पडेल असा फोटो काढायचा. लॅब टेक्नॉलॉजिस्टला पेशंट बहुधा दिसतच नाही. पण पोटॅशियम खरंच वाढलंय की रक्त काढताना पेशी फुटल्यामुळे आकडा फुगलाय, हे त्यालाच ओळखावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच: मार्क किती पडले हे बघण्याआधी तुम्हाला माणसं हवीत का, आणि हवी असतील तर किती वेळ, हे ठरवा. तसं ठरवून आलेल्या मुलाने मेडिकलची जागा मिळत असतानाही हे निवडलं, तर त्यात कमीपणा कसला?

हिशेबी बाप

असहमत. मुलीच्या प्रवेशाच्या निमित्ताने सध्या हेच सगळं बघतोय. आवड वगैरे ऐकायला छान वाटतं, पण फिजिओथेरपीला इंटर्नशिप धरून चार-पाच वर्षं द्यायची, आणि मग सुरुवातीचा पगार ऐकून घरात शांतता पसरते. काही वर्षांत वाढही थांबते. पुढे जायचं तर मास्टर्स करा, म्हणजे पुन्हा फी. इतकं करूनही अंतिम निर्णय डॉक्टरांचाच. मन डॉक्टरकीत असलेल्या मुलाने आणखी एक वर्ष अभ्यासाला द्यावं. आयुष्यभर हुकलेल्या जागेची सल घेऊन काम करण्यापेक्षा ते बरं.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट. पगाराबद्दल तुमचं बरंचसं खरं आहे आणि मुलांपासून ते लपवू नये. पण 'अंतिम निर्णय डॉक्टरांचाच' हे सरसकट मान्य नाही. ऑस्ट्रेलियात 1976 पासून पेशंट डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय थेट फिजिओकडे जाऊ शकतो आणि त्यानंतर बऱ्याच देशांनी ती वाट धरली. गुडघा बदलल्यावर पेशंटने किती वाकवायचं, कधी थांबायचं, वेदना कुठली चालेल आणि कुठली धोक्याची, हे निर्णय मी रोज घेते. चुकले तर जबाबदारीही माझीच.

गरजेचंही बघा. पुनर्वसनाच्या उपचारांचा उपयोग होईल अशी माणसं जगात सुमारे 240 कोटी आहेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. लोक जास्त जगू लागलेत आणि अपघात, हृदयविकार, कर्करोग यांतून वाचूही लागलेत. त्यांना पुन्हा चालतं-बोलतं कोण करणार?

वाट बघून चाला

तुम्ही दोघंही मुळातली गोष्ट विसरताय. आधी नोंदणी बघा! ब्रिटनमध्ये आरोग्यातल्या 15 व्यवसायांची एकच वैधानिक नोंदवही आहे. त्यात नाव नसेल तर स्वतःला रेडिओग्राफर किंवा फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणं हा गुन्हा ठरतो. उलट कित्येक ठिकाणी सहा महिन्यांचं प्रमाणपत्र आणि चार वर्षांची पदवी एकाच खुर्चीसाठी भांडतात आणि पगार तिथेच पडतात. बाहेर जायचा विचार असेल तर आणखी सावध राहा. अमेरिकेत फिजिओथेरपीचं काम सुरू करायला आज लागणारी पदवीच डॉक्टरेट आहे. ऑक्युपेशनल थेरपीच्या जागतिक महासंघाला अभ्यासक्रमात किमान 1000 तासांचं प्रत्यक्ष काम लागतं. कॉलेजला आधी हे विचारा: पदवीला मान्यता कोणाची, प्रत्यक्ष काम किती तास, आणि ते कुठल्या हॉस्पिटलात. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर तिथून उठा.

रात्रपाळी

डायलिसिस तंत्रज्ञ. धागाकर्त्यांशी माझा मूळ मतभेद आहे. सतराव्या वर्षी स्वतःचा स्वभाव कोणाला कळतो? माझ्यासोबत शिकलेली सगळ्यात हळवी मुलगी आज उत्तम तंत्रज्ञ आहे, आणि 'मला माणसं आवडतात' म्हणणारे कितीतरी जण सोडून गेले.

आमचं काम बाहेरून मशीन लावून बसण्याचं वाटतं. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये पेशंटच्या रक्ताला पडद्याआडून साधारण 120 लिटर पाणी भिडतं. त्या पाण्यातला क्लोरामाइन (नळाचं पाणी निर्जंतुक करायला घालतात ते रसायन) नीट काढला गेला नाही तर लाल पेशी फुटतात. म्हणून पाळी सुरू होण्याआधीची पाण्याची तपासणी कितीही घाई असली तरी टाळायची नाही. पेशंट आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं येतात. त्यांच्या मुलांची लग्नं आपल्याला कळतात, आणि एक दिवस खुर्ची रिकामी असते. या सगळ्याची तयारी आवडीतून होत नाही, ती सवयीतून आणि चांगल्या वरिष्ठांमुळे होते.

म्हणून माझा सल्ला: दारं जास्त असलेली पदवी घ्या. परफ्युजनचं, म्हणजे शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन चालवण्याचं काम मला फार मोलाचं वाटतं. 1953 मध्ये जॉन गिबन यांनी हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली, तेव्हापासून ते यंत्र चालवणाऱ्यावर पेशंटचा जीव असतो. पण जिथे हृदयाच्या शस्त्रक्रिया होतात तिथेच ही नोकरी. लॅबची पदवी असेल तर हॉस्पिटल, रक्तपेढी, संशोधन, औषधकंपनी असे रस्ते मोकळे राहतात.

निकालाची वाट पाहतेय

मला रेडिओग्राफीच करायची आहे, पण एआय आल्यावर ती राहणारच नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

क्ष-किरण

2016 मध्ये जेफ्री हिंटन यांनी, म्हणजे पुढे 2024 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एआय शास्त्रज्ञाने, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवावं असं जाहीरपणे सांगितलं होतं. पाच, फार तर दहा वर्षांत संगणक त्यांच्याहून सरस होईल, हा त्यांचा होरा होता. रेडिओलॉजिस्टची गरज अजून संपलेली नाही. आणि ते झालं फोटो वाचणाऱ्यांचं. तुझं काम फोटो काढण्याचं. वेदनेने कळवळणाऱ्या आजोबांना टेबलावर घेणं, एमआरआयचा चुंबक सतत चालू असतो म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाला पेसमेकर आणि धातूबद्दल खोदून विचारणं, हे माणसालाच करावं लागणार. सॉफ्टवेअर बदलत राहील, ते शिकायची तयारी ठेव.

रात्रपाळी, स्वभाव कळत नाही हे मान्य, पण काम तर बघता येतं! एखाद्या विभागात परवानगी काढून दिवसभर उभं राहायला मुलांना पाठवा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारायला लावा: कशाचा कंटाळा येतो, काय दुखतं? सोनोग्राफी तंत्रज्ञ करतात अशा देशांत खांदा आणि मनगट धरण्याची तक्रार सर्रास असते. माहितीपत्रकात ते सापडत नाही.

हिशेबी बाप

निरीक्षणाची सूचना पटली, मुलीला पुनर्वसन विभागात पाठवतो. मात्र मान्यता, प्रत्यक्ष कामाचे तास आणि मागच्या तीन तुकड्यांतली किती मुलं आज त्याच कामात आहेत, हे कॉलेजने लेखी दिल्याशिवाय मी कर्जाच्या कागदावर सही करणार नाही. गरज 240 कोटींना असेल, पण हप्ता एकाच घरातून जाणार आहे.