मदत हवी आहे: डीपीडीकेसाठी (कर्नलला वळसा देऊन नेटवर्क पॅकेट हाताळणारी लायब्ररी) नेटवर्क पोर्ट मॅक ॲड्रेसवरून बाइंड करता, म्हणजे ड्रायव्हरला जोडता येतो का?

उबंटू २२.०४, इंटेल एक्स७१० नेटवर्क कार्ड, आयओएमएमयू (डिव्हाइसचा मेमरी ॲक्सेस आवरणारं हार्डवेअर) चालू, पोर्ट व्हीएफआयओ-पीसीआय ड्रायव्हरला बाइंड करतो. आत्तापर्यंत ड्रायव्हरसीटीएलमध्ये (कुठल्या डिव्हाइसला कुठला ड्रायव्हर ते ठरवणारं टूल) पीसीआय नंबर (डिव्हाइसचा बसवरचा पत्ता) टाकून भागत होतं, पण परवा एक एनव्हीएमई स्टोरेज कार्ड लावलं आणि बसचे नंबर सरकले, भलताच पोर्ट कर्नलच्या हातातून गेला, एसएसएच बंद, शेवटी कन्सोलवरून जाऊन सोडवावं लागलं. डेवबाइंड (डीपीडीकेचं बाइंड करणारं टूल) इंटरफेसचं नाव घेतं हे माहितीये, पण बाइंड झाल्यावर ते नावच गायब होतं, मॅकही दिसत नाही, मग स्क्रिप्ट परत चालवली की अडतं.

सिक्युअर बूट चालू आहे म्हणून आयजीबी-यूआयओ (सही नसलेला कर्नल ड्रायव्हर) नको, आणि मेलानॉक्ससारखी बाइंड न करता चालणारी कार्डं घ्यायला बजेट नाही.

बूटवेळी आय४०ई (कार्डाचा नेहमीचा कर्नल ड्रायव्हर) लोड असतानाच मॅकवरून पीसीआय नंबर शोधून बाइंड करायचं असेल तर यूडेव्ह रूल (डिव्हाइस दिसताच चालणारा) बरा की सिस्टमडी सर्व्हिस (बूटवेळी ठरल्या क्रमाने चालणारी)? कोणी प्रॉडक्शनमध्ये केलंय का?