की-बोर्डवरील वादन आपोआप स्वरलिपीत उतरवताना लय का बिघडते?

प्रश्न : हार्मोनियमचा विद्यार्थी, मिरज

माझ्या गुरुजींनी सत्तरी ओलांडली असून त्यांनी बांधलेल्या गती (वाद्यावर वाजवायच्या रचना) कोठेही लिहिलेल्या नाहीत. त्यांच्या घरी की-बोर्ड नेऊन मी वादन मिडी स्वरूपात (पट्ट्या दाबल्या-सोडल्याच्या डिजिटल नोंदींत) साठवले आणि सॉफ्टवेअरकडून त्याचे पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन (पाच ओळींवरची स्वरलिपी) काढून घेतले. स्वर जवळजवळ सगळे बरोबर आले. परंतु तीनतालाच्या एका आवर्तनाने विरामांच्या खुणांनी भरलेले अर्धे पान व्यापले आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कोठे आहे हे मलाही ओळखता येईना. गुरुजींची लय पक्की आहे. मग चूक कोठे होते?

उत्तर : विश्रामबाग, सांगली

मिडीमध्ये कोणती पट्टी कधी व किती जोराने दाबली आणि कधी सोडली याची नोंद असते. मात्रा आणि सम यांची नसते. १९८३ साली हे मानक आले ते वाद्ये एकमेकांना जोडण्यासाठी, लेखनासाठी नव्हे. मात्रा सॉफ्टवेअर अंदाजाने बसवते. लय मिनिटाला ६० मात्रांची असेल, तर चौगुनीतला (मात्रेत चार स्वर) स्वर २५० मिलिसेकंदांचा आणि तिगुनीतला (मात्रेत तीन) सुमारे ३३३ मिलिसेकंदांचा होतो. मुरलेला वादक सहज रेंगाळतो तसे गुरुजी ४५ मिलिसेकंद रेंगाळले, तरी चौगुनीचा स्वर तिगुनीत लिहिला जाऊ शकतो. लय हळूहळू वाढली असेल आणि सॉफ्टवेअर एकच वेग धरून बसले असेल, तर पुढची प्रत्येक मात्रा सरकत जाते.

मेट्रोनोम लावून गुरुजींचे वादन आखडू देऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्याऐवजी साठवलेले वादन ऐकत आपणच प्रत्येक मात्रेला एक पट्टी दाबून ती वेगळी नोंदवावी आणि तिच्यावरून मात्रा ठरवाव्यात; काही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असते.

उत्तर : पियानोशिक्षक, सातारा

षड्ज, म्हणजे सा, कोणता, हेही मिडीला ठाऊक नसते. काळी एक या पट्टीचा मिडी क्रमांक ६१. ती सी शार्प लिहायची की डी फ्लॅट, हे संदर्भाशिवाय ठरत नाही. शिवाय अनेकदा मधल्या सीपाशी, म्हणजे ६० क्रमांकावर, डावा-उजवा हात वेगळा केला जातो. त्यामुळे उजव्या हाताने मंद्रात (खालच्या सप्तकात) घेतलेली तान मध्येच डाव्या हाताच्या खालच्या ओळींत जाऊन पडते. हा विभाग हातानेच दुरुस्त करावा.

प्रश्नकर्ता :

गुरुजींचा षड्ज काळी एक हाच आहे, आणि सॉफ्टवेअरने सी मेजर धरले होते. मात्रा मी आज रात्री नोंदवतो. गुरुजींच्या पेटीच्या जुन्या कॅसेटींवरूनही असे लेखन होईल का?

उत्तर : विश्रामबाग, सांगली

ते अधिक कठीण आहे. खर्ज-नर (खालच्या व मधल्या सप्तकाच्या सुरांच्या) पेटीत एकच पट्टी दोन सप्तकांत वाजते आणि सॉफ्टवेअर दोन्ही स्वर लिहिते. गुरुजी की-बोर्डवर बसू शकतात तोवर त्याच गती त्यांच्याकडून पुन्हा वाजवून घ्याव्यात.